लेंतकाळ आणि मंडळी : बाप्टिस्ट सहजीवनाच्या विचाराची प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ज्यांना लेंतचे दिवस किंवा उपवासकाळ म्हटले जाते, ते दिवस भस्म बुधवारी सुरू होऊन पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या दिवशी संपतात. या शेहेचाळीस दिवसांतले सहा रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचे, म्हणून आनंदाचे, मानून गणतीतून वगळले की चाळीस दिवस उरतात आणि येशूने अरण्यात काढलेल्या उपवासाच्या चाळीस दिवसांशी त्यांचा मेळ बसतो. ईस्टरची तारीख २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढच्या रविवारावर ठरत असल्याने हा काळ दरवर्षी मागेपुढे सरकतो, मात्र तो नेहमी फेब्रुवारी ते एप्रिल या पट्ट्यातच राहतो. सांगली भागात हे दिवस ऊसतोडीच्या अखेरच्या फेऱ्यांचे, तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर द्राक्षे वाळत घालण्याचे, बाजार समितीत नव्या हळदीची आवक वाढण्याचे आणि घराघरांत दहावी-बारावीच्या परीक्षांचे असतात. होळी आणि बहुधा गुढीपाडवाही याच काळात येतो; २०२६ मध्ये तर भस्म बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात रमजानचा महिनाही सुरू झाला. लेंतकाळ पाळणारे कुटुंब या परिसरात एकटे उपवास करत नसते, त्याच्या शेजारीपाजारी कोणाचा ना कोणाचा उपवास चालूच असतो, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

या प्रस्तावनेपुढचा प्रश्न असा आहे की ज्या परंपरेने सणावारांची नेमलेली दिनदर्शिका आपल्यावर बंधनकारक मानली नाही, जिने उपासनेतील कोणत्याही प्रथेसाठी शास्त्राचा आधार मागितला, त्या बाप्टिस्ट परंपरेतील मंडळीने लेंतकाळ पाळावा काय, आणि पाळलाच तर त्याचा अर्थ काय. येथे मांडलेले प्रतिपादन असे की लेंतकाळाचा सर्वांत जुना अर्थ बाप्तिस्म्याशी आणि त्या बाप्तिस्म्याला साक्ष राहणाऱ्या मंडळीशी जोडलेला आहे, तो केवळ व्यक्तीच्या खाण्यापिण्याच्या संयमाचा कधीच नव्हता. म्हणूनच विश्वास धरणाऱ्यांच्याच बाप्तिस्म्याचा आग्रह धरणाऱ्या लोकांना हा काळ परका वाटावा असे त्यात काही नाही.

विश्रामबागेचा परिसर या प्रश्नाच्या विचाराला सोयीचा आहे, तो तेथील ख्रिस्ती वस्तीच्या घडणीमुळे. सांगली-मिरज रस्त्यावर विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या आसपास वाढलेल्या या उपनगराला लागूनच वानलेसवाडी आहे आणि तिच्या नावात डॉ. विल्यम वानलेस यांची स्मृती आहे. १८८९ मध्ये ते भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उभे राहिले आणि पुढे वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालू झाले. हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे होते. त्याची पाळेमुळे रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले तेथपर्यंत जातात. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचे, क्षेत्र होते. मिशनांनी परस्परसंमतीने मुलूख वाटून घेतले होते आणि त्या वाटणीत दक्षिण महाराष्ट्र बाप्टिस्टांकडे आला नाही, त्यामुळे येथील जुन्या ख्रिस्ती घराण्यांची रीत बालबाप्तिस्म्याची आहे : बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा आणि जाणत्या वयात त्याने मंडळीपुढे आपला विश्वास कबूल करून प्रभुभोजनात सहभागी व्हायचे. दवाखाने, महाविद्यालये, रेल्वे आणि कारखाने यांमुळे वेगवेगळ्या भागांतील ख्रिस्ती कुटुंबे येथे येऊन राहिली, तेव्हा एकाच गल्लीत बालबाप्तिस्मा मानणारे घर आणि न मानणारे घर शेजारी आले. अशा ठिकाणी बाप्टिस्ट विचार हा पंथाच्या इतिहासाचा विषय राहत नाही, शेजाऱ्याला समजावून सांगण्याचा विषय होतो.

बाप्टिस्ट ही संज्ञा तीन गोष्टींवर उभी आहे. पहिली, स्वतः पश्चात्ताप करून विश्वास ठेवणाऱ्यालाच बाप्तिस्मा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. दुसरी, स्थानिक मंडळी ही ख्रिस्ताखेरीज वरच्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या हुकमाखाली नाही. पाळक निवडणे, सभासद घेणे, चुकलेल्याला समज देणे हे निर्णय सभासदांच्या सभेत होतात. तिसरी, जिच्याकडे अलीकडे सर्वांत दुर्लक्ष झाले आहे ती, म्हणजे करार : मंडळीत येणारा माणूस एकमेकांना जपण्याचे, सावध करण्याचे आणि एकमेकांचा भार वाहण्याचे वचन देऊन येतो. जॉन स्मिथ यांनी १६०९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ज्या इंग्रज निर्वासितांना घेऊन अशी मंडळी स्थापली, त्यांतील थॉमस हेल्विस १६१२ मध्ये लंडनला परतले आणि इंग्लंडच्या भूमीवर पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. राजसत्तेने ठरवलेली उपासनापद्धती नाकारणाऱ्या या लोकांनी राजसत्तेने नेमलेले उपवासाचे दिवसही नाकारले. त्यामागे धर्मसुधारणेची एक जुनी आठवण होती. १५२२ च्या लेंतकाळात झूरिच शहरात क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी कामगारांनी सॉसेजेस खाल्ली, त्यावरून खटला झाला आणि उल्रिख झ्विंग्ली यांनी, आहाराच्या बाबतीत ख्रिस्ती माणूस मोकळा आहे, असा उपदेश केला. दिवस, महिने आणि ऋतू पाळण्याविषयी पौलाने गलतीकरांस दिलेला इशारा आणि खाण्यापिण्यावरून कोणी तुमचा न्याय करू नये हे कलस्सैकरांस लिहिलेले वचन या मंडळींच्या नित्य वाचनात होते. हा आक्षेप आजही तितकाच सबळ आहे. ज्या उपवासाने देवाकडे पुण्याचा हिशोब मांडता येतो असे वाटू लागते, तो उपवास कृपेच्या शुभवर्तमानाशी विसंगत आहे, आणि लेंतकाळाची बाजू मांडणाऱ्याने हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

तथापि सोळाव्या शतकात जो लेंतकाळ नाकारला गेला तो त्याच्या मूळ रूपापासून फार दूर आलेला होता. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळातील मानल्या जाणाऱ्या ‘डिडाखे’ या शिक्षणग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वी बाप्तिस्मा घेणाऱ्याने एक-दोन दिवस उपवास करावा, बाप्तिस्मा देणाऱ्यानेही करावा आणि मंडळीतील ज्यांना शक्य असेल त्यांनीही करावा, असे सांगितले आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यात जस्टिन मार्टर यांनी रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची रीत मांडताना, नवे लोक प्रार्थना आणि उपवास करतात तेव्हा आपणही त्यांच्यासोबत करतो, हे आवर्जून नोंदवले. उपवासाचे मूळ कारण असे दुसऱ्या माणसात आहे : जो उद्या पाण्यात उतरणार आहे त्याला आज एकटे उपाशी राहू द्यायचे नाही. पुढे बाप्तिस्मा ईस्टरच्या रात्री देण्याचा प्रघात पडला, तयारीचा काळ वाढत गेला आणि ३२५ च्या निकीया येथील धर्मसभेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख परिचित गोष्टीसारखा येतो.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया ही पश्चिमेकडील यात्रेकरू स्त्री यरुशलेमात राहिली आणि तिने तेथील लेंतकाळाचे जे वर्णन लिहून ठेवले ते या विषयाच्या अभ्यासकाने बारकाईने वाचावे असे आहे. लेंतकाळाच्या सुरुवातीला बाप्तिस्मा मागणाऱ्यांची नावे घेतली जात. बिशप, म्हणजे त्या नगराच्या मंडळीचा मुख्य पाळक, आपल्या आसनावर बसे आणि एकेकाला पुढे आणले जाई. तो प्रश्न उमेदवाराला विचारत नसे, त्याच्या शेजाऱ्यांना विचारी : हा माणूस नीट वागतो काय, आईबापांचा मान राखतो काय, दारुडा किंवा लबाड तर नाही ना. शेजाऱ्यांची साक्ष चांगली पडली तर बिशप स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिही. पडली नाही तर आधी सुधारून ये, असे सांगून त्याला परत पाठवी. मग सात आठवडे रोज सकाळी तीन तास शास्त्राचे आणि विश्वासांगीकाराचे शिक्षण चाले आणि त्याला आधीच बाप्तिस्मा झालेले सभासदही येऊन बसत. त्याच यरुशलेमात सिरिल यांनी शतकाच्या मध्यास दिलेली अशी व्याख्याने आज उपलब्ध आहेत. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे ॲम्ब्रोज यांच्या हातून ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा झाला तो याच क्रमाने.

पुढील शतकांत बालबाप्तिस्मा सार्वत्रिक झाला आणि ज्यांच्यासाठी हा काळ होता ते जाणते उमेदवारच नाहीसे झाले. तयारीचा काळ शिल्लक राहिला, पण तयारी कोणाची हे सांगता येईना. त्यामुळे भर वैयक्तिक पापांच्या प्रायश्चित्तावर आणि अमुक खावे, तमुक खाऊ नये या नियमांवर गेला. झूरिचच्या मुद्रणालयात मोडला गेला तो हा उरलासुरला नियम. तीन वर्षांच्या आत, जानेवारी १५२५ मध्ये, त्याच शहरात काही जणांनी जाणतेपणी बाप्तिस्मा घेतला आणि ती चळवळ पुढे ॲनाबाप्टिस्ट म्हणून ओळखली गेली. बाप्टिस्ट तिचे थेट वंशज नसले तरी बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर तिचे सोयरे आहेत. सुधारकांनी नियम मोडला, या लोकांनी उमेदवार परत आणला, पण उमेदवाराभोवती उपाशी बसणारी मंडळी आणि तिचे चाळीस दिवस मात्र परत आले नाहीत. बाप्टिस्ट मंडळ्यांतील बाप्तिस्म्याची तयारी पुष्कळदा पाळकाच्या घरी झालेल्या चार-दोन बैठकींवर भागते, याचे कारण येथे आहे, आणि लेंतकाळाकडे पुन्हा पाहण्याची गरजही येथूनच निर्माण होते.

बाप्टिस्टांनी दिनदर्शिका नाकारली म्हणून शिस्त नाकारली, असा समज मात्र चुकीचा आहे. त्यांची शिस्त नेमलेल्या तिथीतून न येता ठरावातून आली. १७८४ मध्ये इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर भागातील बाप्टिस्ट मंडळ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एकत्र प्रार्थना करण्याचे ठरवले. त्याच वर्तुळातून १७९२ मध्ये बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली आणि विल्यम कॅरी बंगालमध्ये आले. १८०० पासून बंगालमधील श्रीरामपूर येथे कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांची कुटुंबे एका छताखाली, एका पंगतीला आणि एका सामाईक थैलीवर राहू लागली, आणि शनिवारची संध्याकाळ त्यांनी एकाच कामासाठी राखून ठेवली : आठवडाभरात आपसांत जे काही कडू बोलणे झाले असेल ते मिटवायचे आणि पुन्हा एकमेकांवर प्रीती करण्याचे वचन द्यायचे. १८०५ मध्ये त्यांनी आपला करार लिहून काढला आणि तो प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीनदा मोठ्याने वाचायचा असे ठरले. मराठी वाचकाने हेही लक्षात घ्यावे की त्याच वर्षी कॅरी यांचे मराठी व्याकरण छापून निघाले, १८१० मध्ये कोश आला आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. या कामात पंडित वैजनाथ यांचे साह्य होते. मराठी छापील गद्याच्या आरंभाशी ज्या घराचे नाव निगडित आहे ते घर शनिवारी संध्याकाळी भांडणे मिटवत होते, हा तपशील ग्रंथेतिहासात सहसा येत नाही. मंडळीच्या इतिहासात तो पहिल्या पानावर असायला हवा.

मराठी मुलखात उपवासाचा प्रश्न आणखी एका कारणाने नाजूक झाला. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार यांच्या वातावरणातून आलेल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती लोकांना उपवास सोडणे हीच नव्या विश्वासाची खूण वाटली असल्यास नवल नाही, कारण व्रताने फळ मिळते ही समजूत त्यांना मागे टाकायची होती. तरीही लेंतकाळात लग्ने न ठेवणे, मांसाहार टाळणे, शुक्रवारी एक वेळ जेवणे, आठवड्यातून एक-दोनदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमणे आणि उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन करणे, ही रीत अनेक मराठी मंडळ्यांत टिकून आहे. घरची प्रार्थना ही या रीतींमध्ये सर्वांत कमी लेखली जाणारी आणि खरे तर सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बैठकीतल्या खुर्च्या बाहेर काढून सतरंजी अंथरलेली असते, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेलेला असतो, पेटी आणि खंजिरी यांवर ‘उपासना-संगीत’मधील गीते होतात, आजारी माणसाच्या खाटेभोवती लोक उभे राहतात आणि निघताना चहा मिळतो. ज्या घरात वर्षभर कोणी पाऊल टाकले नव्हते त्या घराचा क्रम यादीत आला की मंडळीला तेथे जावेच लागते. पाळकाच्या सोयीने नव्हे, तर यादीच्या क्रमाने जाणे हा येथे फार मोठा न्याय आहे, कारण त्यात भाड्याच्या एका खोलीचा आणि बंगल्याचा मान सारखा राहतो.

समाजजीवनाचा विचार करताना याच जिल्ह्यांच्या मातीतील एक प्रयोग वगळता येत नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्ताच्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा सर्व शिष्यांचे ते बंधुमंडळ व्हावे, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक निवर्तल्याने त्या प्रयोगाला पुरेसे आयुष्य मिळाले नाही. बाप्टिस्ट भूमिकेला हा प्रयोग दोन्ही अंगांनी बोलका आहे. बाप्तिस्म्याच्या कराराशिवाय मंडळी उभी राहते हे बाप्टिस्ट माणूस मान्य करणार नाही. पण बाप्तिस्म्यापूर्वी ज्याला ख्रिस्ताची ओढ लागली आहे अशा माणसाची मंडळीत जागा कोणती, हा टिळकांनी उभा केलेला प्रश्न त्यालाही टाळता येणार नाही. प्राचीन लेंतकाळाने त्याला एक उत्तर दिले होते, ते म्हणजे श्रोत्याची जागा. रोज सकाळी शिक्षणाला येणारा उमेदवार अजून सभासद नसे, परंतु तो परकाही नसे; त्याच्यासाठी सगळी मंडळी उपवास करत असे. मंडळीतील मुलांनाही हेच लागू पडते. बालबाप्तिस्मा न मानणाऱ्या घरातील दहा-बारा वर्षांचे मूल आपण या लोकांत नेमके कोण, असे विचारते तेव्हा त्याला द्यायला बाप्टिस्टांकडे फारसे सुस्पष्ट शब्द नसतात. ऐकणारा, शिकणारा, ज्याची वाट पाहिली जात आहे असा, हे स्थान लेंतकाळ त्या मुलाला देऊ शकतो.

उपवासाला दानाची जोड नसेल तर तो अपुरा, हे यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात जितके कठोरपणे आले आहे तितके क्वचितच अन्यत्र आले असेल : उपवासाच्या दिवशीच आपल्या मजुरांना पिळणाऱ्यांना तेथे फटकारले आहे आणि बंधने सोडणे, भुकेल्यास भाकर देणे, निराश्रितास घरात घेणे हाच देवाला आवडणारा उपवास, असे सांगितले आहे. ज्या महिन्यांत जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या पालांतून पहाटेच्या अंधारात कोयते बाहेर पडतात, त्या महिन्यांत हा अध्याय वाचणाऱ्या मंडळीला त्याचा अर्थ लावण्यासाठी दूर जावे लागत नाही. याबाबतीत मिझोरममधील मंडळ्यांचा, त्यांत तेथील बाप्टिस्ट मंडळीचाही, दाखला घेण्यासारखा आहे. तेथील गृहिणी प्रत्येक वेळी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढते. असे साठलेले तांदूळ गोळा होऊन विकले जातात आणि त्या पैशातून मंडळीच्या सेवेचा मोठा भाग चालतो. ही मूठ घरच्याच शिध्यातून कमी होते, म्हणून ती दानही असते आणि उपवासही. सांगलीच्या स्वयंपाकघरात तांदळाऐवजी ज्वारी असेल. लेंतकाळात मोबाईल किंवा गोड पदार्थ सोडण्याचे जे संकल्प अलीकडे केले जातात ते वाईट नाहीत, पण सोडलेल्या गोष्टीतून वाचलेले कोणाच्या ताटात गेले हे सांगता येत नसेल तर ते संकल्प करणाऱ्याच्याच भोवती फिरत राहतात.

येशूने डोंगरावरील प्रवचनात उपवास गुप्तपणे करण्यास सांगितले, मग मंडळीने तो जाहीरपणे का करावा, हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि तो योग्यच आहे. तेथे निषेध आहे तो उदास चेहऱ्याने लोकांकडून मान मिळवण्याचा. योएल संदेष्ट्याच्या ग्रंथात मात्र वृद्ध, बालके आणि नवविवाहितांसह सगळ्या लोकांना पवित्र उपवासासाठी एकत्र बोलावले आहे. सर्वांनी मिळून पाळलेल्या उपवासात कोणा एकाला मिरवायला जागा उरत नाही, हे सामूहिकतेच्या बाजूचे मोठे कारण आहे. अर्थात मधुमेहाचा रुग्ण, गरोदर स्त्री, रात्रपाळी करणारी परिचारिका, परीक्षेला बसलेले मूल यांच्यावर पोट रिकामे ठेवण्याचा भार टाकणे ही क्रूरता होईल, आणि मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाशेजारी हे वेगळे सांगण्याची गरजही नसावी. त्यांना श्रीरामपूरच्या शनिवार-संध्याकाळचा भाग घेता येतो : ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारपूर्वी जाऊन येणे. अनेकांना उपाशी राहण्यापेक्षा हे अधिक जड जाते.

बाप्टिस्ट मंडळीत लेंतकाळ पाळण्याचा निर्णय पाळक एकटा घेऊ शकत नाही आणि वरून आलेल्या परिपत्रकानेही तो होत नाही. भस्म बुधवारपूर्वी सभासदांची सभा बोलावून, यंदा बाप्तिस्म्यासाठी कोण तयार होत आहे, त्यांच्यासोबत कोण बसणार, कोणत्या घरांत प्रार्थना होणार आणि जमलेले धान्य किंवा पैसा कोठे जाणार, हे ठरवून मगच तो पाळता येतो. एखाद्या वर्षी सभेने तो न पाळण्याचे ठरवले, किंवा काही सभासदांनी आपल्या विवेकाला अनुसरून त्यापासून दूर राहायचे ठरवले, तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायानुसार पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्याला दोष लावायचा नाही, आणि पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेच्या उपासनेला दोघांनीही यायचे.